पूल कापायचा राहिला

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज नकाशा गेला. जहूरभाईंनी क्लायंटला मेल केला आणि माझ्या केबिनच्या दारात येऊन दोन्ही हात वर केले. "खलास! राजन, माशाल्ला, काय नकाशा बनवलायस! फ्रेम करून हॉलमध्ये लावावा असा." जहूरभाई आमचे डायरेक्टर, मूळचे रत्नागिरीकडचे. कौतुकात हात आखडता घेत नाहीत, रागावण्यातही नाही. जानेवारीत आमच्याकडे टेक्निकल हेडची जागा निघणार आहे. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण जाताना खांदा थोपटून गेले. खांदा काय कोणी उगाच थोपटतं?

काम मोठं होतं हे इथे लिहून ठेवतो, कारण घरी कोणी ऐकत नाही. शोभना म्हणते, "तुझा चिखल तुझ्या डायरीला सांग." तर सांगतो. इंडोनेशियात गुनुंग सेलारी नावाचा जागृत ज्वालामुखी आहे. गेल्या वर्षी त्याने राख ओकली, ती उतारांवर तशीच पडून आहे. जोराचा पाऊस झाला की राख, दगड, झाडं सगळं मिळून ओल्या काँक्रीटसारखं नदीतून खाली धावत येतं. इथल्या एका धर्मादाय संस्थेला डोंगराखालच्या गावांना मदत करायची आहे आणि त्यासाठी हा चिखल कुठवर पोहोचेल याचा नकाशा हवा होता. इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून, तो आम्ही बनवला. लाल म्हणजे चिखल येणार. पिवळा म्हणजे येऊ शकतो. हिरवा म्हणजे निर्धास्त.

शुभ्राने मदत केली. पुण्याची मुलगी, हुशार आहे, पण शंका फार. मध्यंतरी ड्रोनने केलेला नवा सर्व्हे आला, तो मॉडेलमध्ये मीच चढवला. शेवटचा हात माझा असावा ही माझी पद्धत. तर ही विचारते, "सर, नव्या टेरेनमध्ये पूल परत कापावे लागतील ना? मी करू?" मी म्हटलं, "झालंय ते. तू नकाशातली गावांची नावं तपास." ज्याने हा धडा शिकवला त्यालाच विचारते! वरून बघणाऱ्या ड्रोनला पूल म्हणजे भिंत दिसते. खालून वाट आहे हे त्याला कळत नाही. म्हणून मॉडेल चालवण्याआधी टेरेनमधून, म्हणजे जमिनीच्या चित्रातून, एकेक पूल हाताने कापून काढायचा, नाहीतर कॉम्प्युटरमधला चिखल पुलाशी अडून बसतो. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. 'पूल कापला का' हे वाक्य ऑफिसात माझ्या नावावर जमा आहे. माझी नक्कल करताना तेच म्हणतात, मला माहीत आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज तिकडच्या लोकांना व्हिडिओ कॉलवर नकाशा समजावून दिला. शुभ्रा स्लाइड फिरवत होती, बोलत मी होतो. आमच्याकडे बाहेर जाणारा शब्द सीनियरच्या नावाने जातो. मेल ज्युनियरने लिहिला तरी 'राजन सरांनी सांगितलंय' असंच त्यात असतं. क्लायंटचा गोंधळ होत नाही.

बातुरेंग गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, इबू रत्ना. तिकडे बायकांना मानाने इबू म्हणतात. नाव आपल्यातलंच, चेहरा थेट आमच्या शोभनाच्या मावशीचा. त्यांची शाळा नदीच्या वळणावर, पुलापासून थोडी खाली. नकाशात हिरव्यात आहे. त्या म्हणाल्या, भोंगा वाजला की दोन्ही काठांच्या लोकांनी शाळेत जमायचं असं आता ठरतंय. नुसती मुलंच दोनशेच्या वर आहेत. मग हळूच विचारलं, "सर, हिरवं म्हणजे नक्की हिरवं ना?"

मी हसून म्हटलं, "इबू, ग्रीन इज ग्रीन."

सगळे हसले. शुभ्रा तेवढी हसली नाही. तिला व्हिडिओ कॉलवर घाबरायला होतं बहुतेक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिहवत नाही, पण लिहितो.

जहूरभाईंना लॉबीत लावायला नकाशाचं एक देखणं थ्री-डी चित्र हवं होतं. जेवण झाल्यावर मी टेरेन उघडलं आणि फिरवत फिरवत बातुरेंगच्या नदीवर आलो. नदीच्या आरपार भिंत उभी. पूल. कापलेला नाही.

जुन्या टेरेनमध्ये सगळे पूल मीच कापले होते. नवा सर्व्हे चढवला तेव्हा ते कापणं जुन्याबरोबरच गेलं. परत करायला हवं होतं. शुभ्राने विचारलं होतं, आणि मी 'झालंय' म्हटलं होतं. मला खरंच वाटलं होतं का की झालंय? आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त एवढंच आठवतं की तिने विचारलेलं मला आवडलं नव्हतं.

केबिनचं दार लावून पूल कापला आणि मॉडेल परत चालवलं. चिखल पुलाशी थांबला नाही. वळणावर काठ चढला आणि शाळेच्या आवारातून आडवा गेला. शाळा लाल. हिरवी नाही, पिवळीसुद्धा नाही. मी फाइल बंद केली. चोरासारखं इकडेतिकडे बघून बंद केली. स्वतःच्याच केबिनमध्ये.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. मॉडेल म्हणजे काही वेदवाक्य नव्हे, थोडंफार इकडेतिकडे चालायचंच. तिकडचा पाऊस अजून जोरात लागलेला नाही. जानेवारीत आपण सुधारित आवृत्ती देणारच आहोत. त्यात चार किरकोळ बदलांबरोबर हाही गेला तर कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. आत्ता सांगितलं तर काय होईल? 'पूल कापला का' म्हणणाऱ्या माणसाचाच पूल कापायचा राहिला. लोकांना वर्षभर पुरेल.

शुभ्रा आली होती. "सर, बातुरेंगच्या पुलामागे चिखलाची उंची जरा विचित्र वाटते. आपण दोघं बसून बघू या का?"

"नकाशा गेलाय, शुभ्रा. मुव्ह ऑन."

"नाही, म्हणजे... पाचच मिनिटं, सर. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"तुला दुसरं काम नाही का?"

ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "इबू रत्नांचा नंबर आहे का तुमच्याकडे? शाळेबद्दल थोडं बोलायचं होतं." नंबर दिला. शाळेचे फोटो मागवणार असेल रिपोर्टसाठी. हौशी आहे. पण आजकाल जरा जास्तच डोकं चालवायला लागली आहे, हे एकदा सांगायला हवं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज मी एक घाणेरडी गोष्ट केली.

सकाळी ठरवून गेलो होतो की जहूरभाईंना सांगून टाकायचं. केबिनमध्ये शिरलो तर तेच म्हणाले, "बरा आलास. क्लायंटचा तपासनीस विचारतोय, टेरेनमधून पूल काढलेत का म्हणून. रुटीन आहे. पण कोणी केलं ते सांग, म्हणजे रिप्लाय मारतो."

वाक्य तोंडात तयार होतं. 'जहूरभाई, एक गोची झालीय.' माझ्याच कानांनी मी ऐकलं ते वेगळं. "टेरेन शुभ्राने बघितलंय. तिला विचारून कळवतो."

त्यांनी लगेच इंटरकॉमवरून तिला बोलावलं. मी तिथेच उभा. "शुभ्रा बेटा, टेरेन तू केलंस ना? ब्रिजेस सब निकाले थे ना?" तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचा खजुराचा डबा बघत होतो. ती म्हणाली, "एकदा सरांबरोबर बसून परत चेक करते, सर, मग सांगते." आवाज अगदी साधा. एक शब्द माझ्याविरुद्ध बोलली नाही. बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. तिच्या वयाचा असताना मला कोणी असं पुढे केलं असतं तर मी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं.

दुपारी इबू रत्नांचा मेसेज आला. "सर, तुम्ही सांगितलंत तशी सगळी तयारी झाली. मुलांची एक तालीमही घेतली. तुमचे उपकार आहेत." म्हणजे शाळेत जमण्याची तालीम झाली. लाल रंगात जमायची तालीम, आणि वर माझे उपकार. उत्तर काय देणार? हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१ डिसेंबर, सोमवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी. रास अल खैमाला आलो आहोत, डोंगराच्या पायथ्याशी. शोभनाने डब्यात पुरणपोळ्या आणल्या आहेत. अवनी नववीत आहे, ती मोबाइलमधून मान वर करत नाही. आठवडाभर मला जेवण जात नाही आणि आज अर्धी पोळी टाकली तेव्हा शोभनाने पकडलंच. "काय झालंय ते सांग. ऑफिसचं आहे ना?"

सांगितलं. म्हणजे पुलाचं सगळं खरं सांगितलं, फक्त एका ज्युनियर मुलीची चूक आहे असं सांगितलं. शोभनाने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग म्हणाली, "मग तिला सांभाळून घे. पोर घाबरली असेल."

अवनीने कानातला इयरफोन काढला. "सो डिड यू कॉल द स्कूल?"

मी म्हटलं, "अगं, तसं नसतं बाळा. आधी तपासणी, मग डायरेक्टरांना, मग क्लायंटला, मग तिकडच्या सरकारला, मग शाळेला. प्रोसिजर असते."

"बाबा, इट्स अ फोन कॉल."

शोभना म्हणाली, "खा ती पोळी, टाकू नकोस." मी खाल्ली. मागे वादी, म्हणजे इथली कोरडी नदी, पडली होती, मोटारीएवढे दगड इतस्ततः. ते पाण्यानेच आणून टाकलेले. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो.

३ डिसेंबर, बुधवार

आज फोन हातात घेतला, इबू रत्नांचं नाव काढलं आणि ठेवून दिला. काय बोलायचं याची उजळणी करत होतो, पण पहिल्याच वाक्यात अडकतो. 'एक तांत्रिक त्रुटी आढळून आली आहे.' कोणाला आढळली? कोणी केली? इंग्रजीत सोपं जातं, कर्ता लपतो. मराठीतही लपतो म्हणा. लपवणारा हवा.

तपासनिसाला जहूरभाईंनी 'तपासणी चालू आहे' एवढंच कळवलंय. तिकडे पावसाचे ढग जमू लागलेत. उद्या जहूरभाई अबूधाबीला आहेत. परवा सकाळी सांगतो. नक्की. इन्शाल्ला असं लिहिणार होतो, पण ज्या कामाची टाळाटाळ करायची त्यालाच आम्ही इथे इन्शाल्ला म्हणतो, देवाचं नाव तरी कशाला बाटवा.

५ डिसेंबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हातून सुटेल.

ऑफिसला पोहोचलो तेव्हा शुभ्रा स्क्रीनपाशी उभी होती. "सर, सेलारीवर रात्रीपासून पाऊस आहे. भोंगा वाजलाय." तिकडचं घड्याळ आपल्यापुढे, तिथे दुपार झालेली. थोड्या वेळाने कोणीतरी टाकलेला व्हिडिओ आला. करडं, जाड, दगडांसकट काहीतरी पुलाला येऊन भिडलं आणि पूल नव्हताच असा पुढे गेलं. पुढे म्हणजे वळण. वळणावर शाळा. शाळेचं कौलारू छप्पर दिसलं, खिडक्या दिसल्या नाहीत. खिडक्यांपर्यंत भरलं होतं.

मी उठून जहूरभाईंच्या केबिनमध्ये गेलो. ते जुम्म्याच्या नमाजाला निघायच्या तयारीत होते. उभ्याउभ्या सांगितलं. पूल राहिला, मीच राहू दिला, मला दोन आठवडे माहीत होतं, शुभ्राने विचारलं होतं, तरी तिचं नाव मी घेतलं. आणि लोकांना शाळेतच जमायला सांगितलेलं आहे. इतके दिवस जी वाक्यं सुचत नव्हती ती आता धडाधड येत होती, उपयोग संपल्यावर.

जहूरभाई ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पहले बच्चों का पता चलने दे. तुझं मग बघू." आणि फोन घेऊन बसले. कुठलाच नंबर लागत नव्हता. जुम्मा त्यांचा तसाच गेला. मी समोर बसून होतो आणि मला सारखा माझाच आवाज ऐकू येत होता, ग्रीन इज ग्रीन.

मग माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, इबू रत्ना. जहूरभाईंनी तो उचलून समोर धरला. बाईंच्या केसांत राख होती, मागे पत्र्याचं उंच छप्पर आणि पोत्यांवर बसलेली मुलं. खूप मुलं. कोणी रडत होती, कोणी बिस्किटं खात होती.

"मिस्टर राजन!" बाई रडत होत्या. "शाळा गेली. पण मुलं इथे आहेत, सगळी. गावही वर आलं. तुमच्या ऑफिसातल्या मुलीने फोन केला नसता तर आम्ही शाळेतच असतो."

जहूरभाई म्हणाले, "कुठली मुलगी, इबू?"

"शुभ्रा. नकाशा समजावून दिलात त्याच आठवड्यात. म्हणाली, राजन सरांनी सांगितलंय, शाळेत जमू नका, पुलाजवळ चूक राहिली आहे, तुम्ही वर चहाच्या कारखान्यात जा. सरांचं पत्र येईल, पण पत्राची वाट बघू नका."

मी वळून बघितलं. शुभ्रा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलांकडे बघत होती. जहूरभाई मात्र माझ्याकडेच बघत होते.

बाईंनी फोन मुलांकडे वळवला आणि काहीतरी सांगितलं. सगळी एका सुरात ओरडली, "तरिमा कासी, पाक राजन!" म्हणजे आभारी आहोत, राजन सर. ज्या दोन माणसांना सगळं ठाऊक होतं ती माझ्या दोन बाजूंना होती. तोंड उघडून 'मी नाही' एवढे दोन शब्द बोलायचे होते. त्यांची भाषा मला येत नाही, आभारांना उलट काय म्हणतात तेवढं येतं. तेच तोंडातून गेलं. "सामा-सामा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

६ डिसेंबर, शनिवार

शोभनाला खरं सांगितलं. तिने कांदा चिरणं थांबवलं नाही. "मला तिथेच कळलं होतं," ती म्हणाली. "ज्युनियरची चूक असती तर चार शिव्या हासडून तू पोटभर जेवला असतास." मग सुरी ठेवली. "मुलं वाचली ना? मग आता तरी बोल. तिच्याशी बोल आधी, माझ्याशी नको."

अवनीला कसं सांगायचं? ती फोन कॉलबद्दल विचारेल. विचारलंच नाही तर त्याहून वाईट.

८ डिसेंबर, सोमवार

शुभ्राला केबिनमध्ये बोलावलं आणि मग तिने आत येऊन उभं राहण्याऐवजी मीच उभा राहिलो. माफी मागितली. ती गोरीमोरी झाली. माझ्यापेक्षा तिलाच जास्त लाज वाटत होती, वरिष्ठाला असं बघायची.

विचारलं, "माझं नाव का घातलंस? तू पकडलंस, तूच सांगितलंस."

"सर, माझ्या नावाने सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, सर काय म्हणतात? मग परत तुमच्याकडेच फोन आला असता."

"आणि मी..."

ती घाईने म्हणाली, "तसं नाही, सर. मला वाटलं, तुम्ही सांगणारच आहात, मी फक्त थोडं आधी सांगतेय. रोज वाटायचं, आज सांगाल. म्हणून जहूर सरांकडे गेले नाही. जायला हवं होतं. ते माझं चुकलं." एवढं सगळं झाल्यावर चूक कोणाची काढावी, तर स्वतःची! मी खाली बसलो.

दुरुस्त नकाशा सकाळीच गेलाय. चूक माझी होती आणि मी ती दडवली, असं सोबतच्या मेलमध्ये मी पहिल्या वाक्यात लिहिलं, कर्त्यासकट. नकाशा करणाऱ्याच्या जागी शुभ्राचं नाव. जहूरभाईंनी वाचून 'पाठव' म्हटलं. खांदा थोपटला नाही. जानेवारीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

मग तिच्यासमोरच इबू रत्नांना व्हिडिओ कॉल लावला. सोप्या इंग्रजीत सांगितलं. त्या दिवशी मुलांचे आभार मी घेतले, ते माझे नव्हते. मी तुम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. पूल मी राहू दिला. फोन शुभ्राने केला, मला न विचारता, माझ्या नावाने.

मग बाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आमची तालीम झाली, मी तुम्हाला मेसेज केला, तेव्हाही?"

"हो."

त्या रागावतील अशी मी वाट बघत होतो. रागावायला हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती मुलगी आहे का तिथे?"

"समोर आहे."

"तिला द्या."

मी फोन दिला. शुभ्राने तो दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे अवघडून बघितलं, म्हणून मी उठून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं. आधी ती रडली, मग हसली, मग कोणा पोराला पडद्यावर नाव विचारत असावी, कारण ती तेच तेच म्हणून बघत होती. मी माझ्याच केबिनबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. अकाउंट्सचा तनिष जाताजाता थांबला. "सर, बाहेर कसे? आत कोण आहे?"

मी म्हटलं, "शुभ्रा मॅडम फोनवर आहेत."